मनोरा न आवडलेली पाहुणी

दीड तास रांगेत उभी राहून ती लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा तिचं डोकं पार तापलेलं होतं. कुणाचं तरी बाळ तिच्या बाहीला चॉकलेटचे हात पुसत होतं.

“पहिल्यांदाच आलात?” लिफ्टवाल्यानं विचारलं.

“आणि शेवटचंच!” ती फणकारली. ‘इथे जाऊ नका’ या तिच्या लेखात हा गर्दीचा मनोरा पहिल्या नंबरावर असणार होता.

वर दार उघडलं. खाली अख्खं शहर, पलीकडे समुद्र. सगळे कठड्याकडे धावले. लिफ्टवाला मात्र समुद्राकडे पाठ करून माणसांकडे बघत होता.

“तुम्ही नाही बघत?”

“आठ वर्षं बघतोय. समुद्र तोच असतो हो... माणसं रोज नवी. दार उघडलं, की भांडत आलेलेसुद्धा गप्प होतात.”

“मी झाले?”

“तुम्ही आधी नाक मुरडलंत. मग... मुरडायचं विसरलात.”

तिला हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली – लेखासाठी, असं तिनं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशीही. एक आजी आजोबांचा चष्मा पदरानं पुसून त्यांच्या नाकावर ठेवत होत्या, “आता बघा” म्हणत होत्या. ते बघून तिला भरून आलं. लेखातलं एकेक वाक्य तिला खोटं वाटू लागलं. आणि लिफ्ट आली, की काळीज धडधडायचं... ते काही समुद्रासाठी नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिची गाडी होती. सांगितल्याशिवाय निघवेना, म्हणून दुपारी बाराच्या सुमारास ती पुन्हा त्याच्या लिफ्टपाशी गेली.

“मी या मनोऱ्याला नावं ठेवायला आले होते. छापून.”

त्याचा चेहरा पडला. “मग... लिहिलंत?”

“लिहिलं होतं. सकाळी फोन करून परत घेतलं. संपादकबाई जाम भडकल्यात. आणि... तुम्ही मला आवडता.”

तो कानापर्यंत लाल झाला. “एक वाजता सुटतो मी. थांबाल?”

एक वाजता तो गणवेश बदलून आला आणि थेट रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

“अहो, तुम्हाला तर मागच्या दारानं जाता येतं!”

“दोन मिनिटांत पोचू मग. इथं दीड तास मिळतो.”

पुढचे काका मागे वळले. “फोटो काढू का दोघांचा? जरा जवळ उभे राहा की!”

तो संकोचून जागीच उभा राहिला. तिनंच त्याची बाही ओढली.

“ये ना इकडे,” ती म्हणाली, “असा लांब काय उभा राहतोस?”