शनिवारी सरकणारा मारुती

“ओढायच्या आधी तळाशी हात फिरव, शेवंते. दगड का अडला, का सरकला, ते तळाशी कळतं.”

आबांचा आवाज असा मधूनच कानात यायचा. आबा जाऊन तीन महिने झाले होते. आत्ताही तो आला आणि शेवंती बाभळीखालून उठली. पण पुढे जायचं कसं? समोर सगळं कोपर गाव जमलं होतं, आणि आबांचा हात अपशकुनी ठरवल्यापासून ती दिसली की माणसं तोंड फिरवत.

गावच्या बंदरापासून टेकाडावरच्या नव्या देवळापर्यंत दगडी फरशीचा उतार होता. दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर देवळासमोर वाटेच्या मधोमध एक चाफा. उताराच्या मध्यावर आबांनी, म्हणजे काळुराम पाथरवटाने, घडवलेला मारुती उभा होता. खाली दोन लांब ओंडके, त्यांवर फळ्या ठोकलेल्या, चाकं नाहीतच. आबा त्याला ‘घसरा’ म्हणत. अक्षय्य तृतीयेला देवळात प्रतिष्ठा व्हायची होती. तीन आठवड्यांपूर्वी वर ओढताना तो डाव्या कठड्याला भिडला होता, म्हणून तोवर मारुतीने तिथेच थांबायचं.

पण मारुती थांबत नव्हता! गेले तीन शनिवार तो दर वेळी हातभर खाली, खाडीच्या बाजूला सरकत होता. ना कुणी ढकलत होतं, ना कुणी ओढत होतं.

“देवाला वर जायाचं नाय,” दौलत पाटील म्हणाले. “मूर्ती पुरी झाली आनि घडवणारा काळुराम गेला, तवाच आपण समजायला पायजे होतं. उद्या शनिवार. उद्या पन सरकला, तर रविवारी भरतीला खाडीत सोडू. ठाण्याहून दुसरी मूर्ती आणू.”

“खालच्या बाजूला धोंडे लावून बघा की,” कुणीतरी पुटपुटलं.

“देवाला अडवायचा कोनी? तू?”

विचारणारा माणूस गर्दीत मागे सरकला.

शेवंतीने आबांना शब्द दिला होता. शेवटच्या दिवसांत आबा मानपाड्याच्या खाणीवरच्या झोपडीत पडून असत. तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले होते, “मारुती जागेवर बसला की मला येऊन सांग हं. इथेच ये.” ती “हो” म्हणाली होती. आता खाडीत बुडालेल्या मारुतीचं ती काय सांगणार होती?

“अगं, तू त्या पाथरवटांची ना?”

तिने दचकून वळून पाहिलं. तिच्याहून थोडा मोठा एक मुलगा होता, आणि त्याच्यामागे कैरी खाणारा एक छोटा. हे त्र्यंबक आणि गणू. दोघे भाऊ नौपाड्याहून मामाकडे सुट्टीला आले होते.

“हो. आता जा तुम्ही पण.”

“का?”

“सगळे जातात.”

“आम्ही कालच आलेलो,” गणू म्हणाला. “आम्हाला अजून कुणी जायला सांगितलं नाहीये. कैरी खातेस?”

तीन महिन्यांत प्रथमच कुणी तिला काही विचारत होतं. तिने कैरीची फोड घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबटपणाने असं तिने दाखवलं.

दुपारी उतारावर चिटपाखरू नव्हतं. शेवंतीने आधी हात जोडले. “अजून प्रतिष्ठा झालेली नाही. अजून हा आबांचा दगड आहे,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून तिने ओंडक्याच्या तळाशी बोटं सरकवली.

बोटं बाहेर आली ती काळी आणि चकचकीत!

“तेल!” गणू ओरडला.

“हळू रे! ओरडून गाव गोळा करशील!” त्र्यंबकने वर पाहिलं. मारुतीच्या डोक्यावरून तेलाचे सुकलेले ओघळ खांद्यावर, पायांवर, फळ्यांच्या फटींत गेले होते. “शनिवारी मारुतीला तेल घालतात ना इथे?”

“गावातलं प्रत्येक घर घालतं,” शेवंती सावकाश म्हणाली. “प्रतिष्ठेची वाट कुणी पाहिलीच नाही.”

“मग झालं! आमच्या मास्तरांनी शिकवलंय. दोन वस्तू एकमेकींवर टेकल्या की त्यांच्यात एक बल असतं, सरकू न देणारं. घर्षण! उतार देवाला खाली ओढतो, घर्षण धरून ठेवतं. दोघांची बरोबरी आहे तोवर देव जागेवर. तेल गेलं की धरणाऱ्याची पकड सुटली!”

“मग थेट खाडीत का नाही गेला?” गणूने विचारलं.

त्र्यंबकने डोकं खाजवलं. हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

“खाली सरकला की पुढची फरशी कोरडी,” शेवंती म्हणाली. “तेल मागे पुसलं जातं. कोरड्यावर पुन्हा पकड बसते.”

“वा! तू कुठल्या शाळेत जातेस गं?”

“आबांच्या हाताखाली होते,” ती म्हणाली, आणि आबांना दिलेला शब्दही तिने दोघांना सांगितला.

मामाच्या गोठ्यामागे त्यांनी खात्री करून घेतली. फळीवर धोंडा ठेवला आणि एक टोक हळूहळू उचललं. कोरड्या फळीवर टोक दीड हात वर गेलं, तेव्हा धोंडा सुटला. तेल लावल्यावर अर्ध्या हातातच! “आता मी!” म्हणून गणू फळीवर बसला आणि सर्रकन शेणात जाऊन पडला.

“मोठ्यांना सांगू या?” त्र्यंबकने हसू आवरत विचारलं.

“माझं कोण ऐकणार? तुम्ही तर पाहुणे. आधी दाखवू, मग सांगू.”

शनिवारी कोंबडं आरवताच तिघे उतारावर हजर! त्यांनी ओंडक्यांचा तळ राखेने कोरडा केला. मारुतीच्या पायांभोवती चिंध्यांची गुंडाळी घट्ट बसवली आणि तेलाला एकच वाट ठेवली, तिच्याखाली मामींची परात. घसऱ्याच्या टोकाशी चुन्याची रेघ ओढली.

गाव आलं. तेल पडू लागलं. परात दिसली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “बरं झालं, देवाचं तेल वाया जात नाही!” उन्हं चढली. सगळ्यांचे डोळे रेघेवर होते. पाटील तर रेघेशीच उकिडवे बसले होते.

मारुती हलला नाही!

“राग गेला देवाचा!” पाटलांनी हात जोडले.

“पाटीलकाका, राग नव्हताच,” त्र्यंबक म्हणाला. “तेल होतं ते. शेवंती, सांग ना!”

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. तिने काळी झालेली बोटं पुढे केली आणि सांगितलं. गणूने फळीचा खेळ पुन्हा करून दाखवला, या खेपेला शेणाशिवाय. पाटलांनी परातीत बोट बुडवून पाहिलं.

“आनि वर न्यायचा कसा? मागं ओढला तवा डाव्या कठड्यालाच जाऊन भिडला की.”

“वाटेत चाफा आहे म्हणून सगळे डावीकडून ओढत होते,” शेवंती म्हणाली. “दोन दोर बांधा, एक चाफ्याच्या डावीकडून, एक उजवीकडून. दोन्हींना माणसं सारखी.”

“दोघं दोन बाजूला वढतील, तर देव जाईल कुठं?”

“मधोमध! डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीशी फिटते, वरची तेवढी उरते. फक्त फार फाकू नका, नाहीतर एकमेकांशीच झुंजाल.”

आणि परातीतलं तेल? ते तिने ओंडक्यांच्या पुढच्या फरशीवर शिंपडायला लावलं. मागून राख, परत घसरू नये म्हणून! खाली नेणारं तेल आता वर नेणार होतं.

“ओढा! जय बजरंग!”

दोर ताणले. मारुती वीतभर वर सरकला. “अडण!” गणूने आरोळी ठोकली आणि ओंडक्यांमागे धोंडे सारले. या खेपेला देवाला अडवायला कुणाची हरकत नव्हती. ओढा, अडण, ओढा, अडण! सूर्य कलायच्या आत मारुती कठड्याला न भिडता, सरळ चाफ्यापर्यंत आला. तिथून शेवंतीने उजवा दोर सैल सोडायला सांगितला, घसरा डावीकडे वळला आणि देवळाच्या दारी टेकला.

अक्षय्य तृतीयेला प्रतिष्ठा झाली. पाटलांनी भरल्या सभामंडपात पागोटं काढून हातात घेतलं. “काळुरामच्या हाताला आमी बोल लावला. चूक झाली. पोरांनो, तुमी गावाचे डोळे उघडले! आनि ती शेवंती कुठं हाय? तिला पुढं आणा, पयला परसाद तिचा!”

शेवंती नव्हती.

मागच्या दारातून गणूला ती दिसली. पानावर चिमूटभर शेंदूर घेऊन ती मानपाड्याकडच्या पायवाटेला लागली होती. तो हाक मारणार, तोच त्र्यंबकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू दे. तिला कुणाला तरी सांगायचंय.”

खाण लांब होती. वाटेत बोलायला कुणी नव्हतं. “आबा, बसला हो मारुती,” असं तिने एकदा मनात म्हणून पाहिलं, वाऱ्याने शेंदूर उडू नये म्हणून पानावर तळहात धरला, आणि ती चालू लागली.