मेलेलं तेवढंच

माझ्याशेजारी नको, समोरच्या खुर्चीवर बस. उद्यापासून माझी जागा तू घेणार आहेस, तेव्हा मी अळ्यांचं काम का सोडलं ते तुला कळलेलं बरं. बाकीच्या सांगतील, सिस्टरला किळस सहन झाली नाही. काहीतरीच! किळस मला पहिल्या दिवसापासून येत होती. किळस आली म्हणून काम सोडायचं ठरवलं असतं, तर आपल्यापैकी एकही नर्स म्हणून टिकली नसती.

सकाळी आल्या आल्या खाली जाऊन पार्सल घ्यायचं, हे पहिलं काम. थर्माकोलचा डबा, त्यात बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, आणि बाटलीच्या तळाशी चिमूटभर मीठ सांडल्यासारखं काहीतरी. उजेडाकडे धरलं की ते मीठ वळवळतं. पार्सल देणारा रोज विचारायचा, "सिस्टर, औषध आहे का हो यात?" मी एकदा झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरलं. तेव्हापासून तो डबा दारातच ठेवून पळायला लागला.

तर काम असं. साखरेच्या आजारात पायाला जखम होते, ती कळत नाही. मग चिघळते, काळी पडते, विष रक्तात जातं. पाय तरी जातो नाहीतर माणूस तरी. अशी गुंतागुंत झालेला पेशंट सुरीपेक्षा अळ्यांनी लवकर बरा होतो का, हे आमच्या सरांना सिद्ध करायचं होतं. सर म्हणजे या संशोधनाचे प्रमुख. किडकिडीत माणूस, जेवायचीसुद्धा शुद्ध नाही, आणि अळ्यांबद्दल बोलायचे ते लाडक्या जावयाबद्दल बोलावं तसं. जखमेत बाटली उपडी करायची, वर बारीक जाळी बसवायची, कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. दोन-तीन दिवसांनी जाळी काढली की मिठाच्या जागी गलेलठ्ठ, टुम्म फुगलेल्या, एकमेकींच्या अंगावर लोळणाऱ्या अळ्या. आणि वास! कुजकट, त्यात थोडा गोडसर. तो गोडसरपणाच जास्त वाईट. दुपारचा डबा मी महिनोन्‌महिने अर्धाच खाल्ला.

"सिस्टर, त्या फक्त मेलेलं मांस खातात," सर सांगायचे. "लाळेनं पातळ करतात आणि पितात. जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. आपली सुरी चुकेल, त्या चुकणार नाहीत."

आणि खरंच, त्या कधी चुकल्या नाहीत. हेच तर माझं दुखणं आहे.

माझ्या धाकट्या भावालाही साखरेचा आजार. त्याच्या तळपायात खिळा गेला आणि त्याला पत्ताच लागला नाही. कळलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळानिळा झालेला. अतिदक्षता विभागात त्याचं हृदय थांबलं. मी काचेबाहेर उभी होते. छातीवर दाबणारे तिघंजण दमले, एकमेकांकडे बघायला लागले, एकानं तर हातमोजे काढायला घेतले. माझी भावजय भिंतीला धरून खाली बसली. तिची मुलगी, चिमी, पाच वर्षांची, माझं बोट धरून विचारत होती, "आत्या, बाबा उठणार ना गं?" मी म्हटलं, "उठणार म्हणजे काय, उठलाच पाहिजे." देवाला म्हणाले, कसाही दे, पण या पोरीचा बाप परत दे.

आणि आत यंत्रावरची रेघ उडायला लागली. सगळे ओरडले. माझ्या जिवात जीव आला.

पाय वाचवायचा तर अळ्याच, असं सर म्हणाले. घरच्या माणसाला आपण हात लावायचा नाही असा नियम, पण अळ्या लावणारी तिथे मी एकटीच होते, म्हणून सरांनी कानाडोळा केला. पहिल्या वेळी जाळी लावताना भावाच्या पायाला हात लागला आणि मी दचकले. गार. पावसात भिजलेल्या दगडासारखा गार.

"अरे, काय गारठलायस!"

"मला नाही वाटत गार," तो म्हणाला. छताकडे बघत होता. हा पोरगा जन्मात गप्प बसलेला नाही. लग्नात स्वतःच्याच वरातीत भांडण काढलं होतं यानं. म्हटलं, अशक्तपणा असेल.

पहिल्या जाळीनं काम चोख केलं. काळं गेलं, आतून गुलाबी मांस वर आलं. सर नाचायचेच बाकी होते. मी जखमेच्या कडेला बोट ठेवलं तर ती गरम होती, चांगली जिवंत, धडधडणारी. बोट जरा बाजूला सरकवलं, धडधाकट कातडीवर, की पुन्हा तो दगड. जखम गरम आणि माणूस गार. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण मी तिला गप्प केलं. पाय वाचत होता ना!

दुसरी जाळी काढली त्या दुपारचं मला सगळं आठवतं. खिडकीतून ऊन येत होतं, पलीकडच्या पलंगावरचे आजोबा घोरत होते. जाळी उचलली तर जखम रिकामी. एकही अळी नाही. चिकटपट्टीची एक कड सुटलेली, आणि तिथून नडगीवर एक ओलसर, चकचकीत रेघ वर गेलेली. मी पांघरूण ओढलं. गुडघ्याच्या मागच्या घडीत एक पुंजका होता. जांघेत दुसरा. सदरा वर केला, तर काखेत त्या इतक्या दाटीनं बसल्या होत्या की काख पांढरी दिसत होती. एक कानामागे होती, अर्धी केसांत शिरलेली. एक खालच्या पापणीच्या कडेला, आणि तिचं तोंड आत होतं.

मी चिमट्यानं ती ओढली. ती सुटेना. सुटली तेव्हा चिक्‌ असा आवाज आला, आणि खाली रक्त नव्हतं, तांबडं काहीच नव्हतं. जुन्या मेणासारखी पिवळट जागा होती. तोंडाला आंबट पाणी सुटलं. मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले, चूळ भरली आणि परत आले. काय करणार, माझाच भाऊ.

"दुखत नाही का रे तुला?"

"गुदगुल्या होतात." तो हसला. "राहू दे ना ताई… बरं वाटतं."

"गप्प बस! काय बोलतोस काय तू!"

"आत खाजतं गं," त्यानं छातीवर हात ठेवला. "इथं. इथं कुणी पोचत नाही."

सरांना सांगितलं. ते म्हणाले, पट्टी नीट चिकटली नव्हती, बाहेर पडून घामाच्या जागी गेल्या. मी म्हटलं, त्याला घाम येतच नाही सर, अंगाला हात लावून बघा. त्यांनी नाडी बघितली, चष्मा पुसला. नाडी चालू होती. रक्त, साखर, हृदय, सगळं उत्तम. "सिस्टर, तुमचा भाऊ मेलेला होता, तो बरा होऊन घरी चाललाय, आणि तुम्ही रडताय?" असं म्हणून ते निघून गेले. माझं नशीबच असं, खरं बोलले की वेड्यात निघते.

मग मी एक केलं. नवी बाटली घेतली, झाकण न काढता माझ्या तळहातावर आडवी धरली. अळ्या तळाशी होत्या तशाच विखुरलेल्या राहिल्या. पलीकडच्या आजोबांच्या हाताशी धरली. तशाच. भावाच्या हाताशी धरली, आणि सगळ्यांनी एकदम तोंडं फिरवली. काचेला चिकटून, एकीवर एक चढून, त्याच्या मनगटाकडे.

भाऊ जागा होता. माझ्याकडे बघत होता.

"ताई," अगदी हळू म्हणाला, "चिमीनं बोलावलं म्हणून आलोय मी… परत नको पाठवूस."

मी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, चोळला, तोंडाची वाफ दिली. कितीतरी वेळ चोळत बसले. लहानपणी थंडीत चोळायचे तसा. तो गरम झाला नाही.

त्याला घरी सोडलं. पायावर चालत गेला, सगळा वॉर्ड दारापर्यंत आला. चिमीनं तर त्याचं बोट सोडलं नाही. महिनाभर मी त्यांच्या घरी गेले नाही. फोनवर भावजय सांगायची, छान आहेत, जेवतात, फक्त झोप कमी, रात्रभर माझा हात धरून पडून असतात. तिच्या आवाजात एवढं सुख होतं की मला माझीच लाज वाटायला लागली. म्हटलं, बाई, तुझंच डोकं फिरलंय. एकदा जाऊन खात्री करून घे आणि मोकळी हो. एका रविवारी आदल्या दिवशीच्या पार्सलातली उरलेली एक बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि भर दुपारी त्यांच्याकडे गेले.

जिन्यातच तो वास आला. कुजकट, गोडसर. शेजाऱ्यांच्या दाराशी कचऱ्याची पिशवी होती, म्हटलं त्याचाच. दार भावजयीनं उघडलं. "किती वाळलात ताई!" म्हणून माझ्या गालाला हात लावला. मला काही जाणवलं नाही, ना गार ना गरम. तेवढ्यानंच मी खूश झाले.

छोटं चौकोनी टेबल. समोर भाऊ, डावीकडे भावजय, उजवीकडे उंच स्टुलावर चिमी, पाय हलवत. चहाचे कप, बिस्किटांची बशी. भाऊ हसून बोलत होता, शेजाऱ्याची नक्कल करत होता. पूर्वीसारखाच गं, अगदी पूर्वीसारखा. मला वाटलं, उठून त्याला मिठी मारावी. बाटली बाहेर काढूच नये.

पण मी काढली. साखरेच्या डब्याआड, रुमाल बाजूला करून, टेबलाच्या मधोमध उभी ठेवली. कुणाचं लक्ष नव्हतं.

सगळ्या त्याच्या बाजूला गेल्या. मला ठाऊकच होतं. मग त्यांतल्या काही सुटल्या आणि भावजयीच्या बाजूच्या काचेवर चढल्या. ती नवऱ्याच्या कपात चहा ओतत होती, सुखानं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिसरा पुंजका जमला होता. जाडजूड, काचेवर तोंडं घासणारा. तो माझ्या बाजूला होता.

मी हात मांडीवर घेतला, पुन्हा टेबलावर ठेवला. हात हलवला तसा तो पुंजका हलला.

चौथी बाजू कोरी होती. लख्ख काच, आणि काचेपलीकडे चिमी, बिस्कीट चहात बुडवत, गाल लाल झालेले.

"चिमे, पाय दे इकडे," भाऊ म्हणाला. "चोळून देतो. आजपासून रोज देईन, चालेल?"

"हो!" म्हणत ती स्टुलावर त्याच्याकडे वळली.

मला एवढंच कळत होतं की या पोरीला इथून उचलायचं, आत्ता, या क्षणी, कुठंही न्यायचं. मी उठले, माझा कप कलंडला, आणि मी तिचं मनगट घट्ट धरलं. "चिमे, चल माझ्याबरोबर. माझ्याकडे राहायला चल, ऊठ!"

"अहो ताई, काय झालं?" भावजय म्हणाली.

भाऊ माझ्या हाताकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्या, सोड ना…" चिमी हात ओढत होती. "सोड… तुझा हात किती गार आहे!"

मी सोडला. लगेच सोडला गं. पण टेबलावर, त्या कोऱ्या काचेवर, एक अळी तिच्या बाजूनं वर चढायला लागली होती.