रबरावरचा रंग

मला आधी तो दिसलाच नाही, त्याचा ट्रेलर दिसला.

अ‍ॅस्टोरिया गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर तिरपा पाऊस लागला होता. माझ्यापुढच्या पिकअपला जोडलेलं ते चौदा फुटी, साठच्या दशकातलं चाकांवरचं घर... ताज्या दुधी रंगात न्हालेलं. सुंदर. जरा जास्तच सुंदर. रंग खिडक्यांच्या रबरावरही चढला होता. असा रंग माणूस एकतर घाईत लावतो, नाहीतर काही झाकायला.

"आवडला का?" पिकअपवाला हसत विचारत होता. भुवयांवरून पाणी ओघळत होतं.

"अजून ठरलं नाही. जुने ट्रेलर दुरुस्त करते मी. माझं नाव आयला निस्काला."

"मग बरं झालं भेटलात. मी वेंडेल प्रुइट. पियानो सुरात लावतो, यातलं ओ की ठो कळत नाही. मावशीचा होता हा. शनिवारी एक कुटुंब तो विकत न्यायला येतंय. तपासून दोन ओळी लिहून द्याल? सगळं ठीक आहे, एवढंच."

'एवढंच' म्हणताच मी सावध झाले. दोन वर्षांपूर्वी असाच एक गोड हसणारा माणूस आम्हाला रंगवलेला ट्रेलर विकून गेला होता. वाटेत त्याची पुढची भिंत सुटली, आणि ती बांधायला उतरलेल्या अर्वोकाकांच्या खांद्यावर कोसळली. हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांना आजही तो हात वर नेता येत नाही.

ट्रेलर माझ्या दुरुस्तीच्या आवारात आणल्यावर वेंडेल छत्री धरून मागे मागे फिरत होता. मी भिंतीवर टकटक करत निघाले. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात आवाज बसका आला. पुन्हा वाजवून पाहिलं. आतलं लाकूड कुजलं होतं.

याला माहीत नसेल कसं? शनिवारी आपणही जायचं, त्या लोकांसमोर हा काय सांगतो ते ऐकायचं, आणि खोटं बोलला तर तिथेच भिंत उघडायची... मी ठरवून टाकलं. कागदावर लिहिलं, 'ठीक आहे.'

"तुमच्या हनुवटीला ग्रीस लागलंय," म्हणत त्याने रुमाल पुढे केला.

रुमाल घेतला. विश्वास मात्र ठेवला नाही.

शुक्रवारी दुपारी तो परत आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"त्या लोकांना येऊ नका म्हणून कळवलंय. सगळीकडे तुम्ही एकदा वाजवलंत, त्या कोपऱ्यात दोनदा. तो आवाज डोक्यातून जाईना. आज आतली फळी काढली, तर बोट सरळ आत गेलं." त्याने तेच बोट माझ्यापुढे धरलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. ती तिथेच झोपली असती."

"मला वाटलं, तुम्हीच लपवताय. मी उद्या येणार होते — थांबवायला."

"आणि वाटेत तुमची गाडी बंद पडली असती तर?"

मान वर करायचीही लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी हे नीट करून देते. पण... रबरावर रंग कुणी लावला?"

"मीच." तो कानापर्यंत लाल झाला. "ब्रश पहिल्यांदाच धरला होता."

पुढचे तीन आठवडे तो रोज कामावरून थेट माझ्याकडे यायचा. पत्रा उतरवायला, फळ्या कापायला मदत करायचा. आता संशयाची पाळी त्याची होती.

"ही खरंच कुजलीय, की माझी परीक्षा चाललीय?"

"दाबून बघा."

तो दाबायचा. मान हलवायचा. "आणि ही?"

"ती चांगली आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणून?"

"नाही. तीही दाबून बघा."

मग एका दुपारी मी नवी पट्टी दाखवली, आणि त्याने हातही लावला नाही. स्क्रू माझ्या तळहातावर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू म्हणतेस ना... मग असेल ठीक."

तू. माझ्या हातातून स्क्रू निसटला. दोघंही वाकलो, कपाळावर कपाळ आपटलं, आणि सॉरी म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.

ते कुटुंब अजून थांबलं होतं. ते न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा कागद लिहिला. काय काय कुजलं होतं, काय बदललं, सगळं. त्याने सावकाश वाचला.

"अजून काही लपवलंयस माझ्यापासून?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "काम मंगळवारीच संपलंय."

"मला वाटलंच," तो म्हणाला. "तीन दिवस तू एकच खिडकी पुसतेयस."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू पुसायची थांबली असतीस."

मी फडकं बाजूला ठेवलं. त्याने माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला — आणि मी तो तसाच राहू दिला.