बाबांचा पाय हवेत होता

“बाबा, ब्रेक!”

चिंगी किंचाळली. फाटकातून बाहेर पडून चढाला लागताच गाडीने डरकाळी फोडली आणि ती सुसाट सुटली. समोरची दगडी भिंत अंगावर धावून आली. बाबांनी ब्रेक करकचून दाबला, किल्ली फिरवली. इंजिन गपकन बंद पडलं. भिंत आणि गाडीचं नाक यांच्यात वीतभर जागा उरली होती.

मागे धाकटा ढब्बू आणि चुलतभाऊ प्रोफेसर एकमेकांना मिठी मारून बसले होते. प्रोफेसर तेरा वर्षांचा. चष्मा जाड आणि शंका त्याहून जाड.

बाबांनी किल्ली काढून घेतली. “माझाच पाय चुकला,” ते म्हणाले. “हल्ली लक्षच नसतं माझं.”

चिंगी शेजारीच बसली होती. गाडी उसळताच बाबांनी पाय उचलला होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाय हवेत होता, तरी गाडी धावतच होती!

जेवताना काकांनी निकाल देऊन टाकला. “दादा, उद्या डोंगर उतरून आत्याकडे जायचंय. गाडी मी चालवतो. तिथून आलो की ती विकून टाकू. तुला आता झेपत नाही.”

ती गाडी आईची होती. आईला जाऊन सात महिने झाले होते आणि तिची केसांची पिन अजून स्टिअरिंगजवळच्या खणात होती.

“काका, चूक बाबांची नाही! गाडीतच काहीतरी आहे,” चिंगी म्हणाली.

“गाडीला काय धाड भरलीय? परवाच गॅरेजच्या मिस्त्रींनी तिन्ही माउंटिंग नवी टाकलीत. मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नकोस!”

उद्या तो डोंगराचा रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे गाडी अशीच उसळली तर?

“माउंटिंग म्हणजे काय रे?” अंगणात आल्यावर ढब्बूने विचारलं.

“इंजिन थेट लोखंडावर ठेवत नाहीत,” प्रोफेसर म्हणाला. “मध्ये रबराचे ठोकळे असतात. ते इंजिनाला धरून ठेवतात आणि हादरेही गिळतात.”

“म्हणजे इंजिनाच्या उश्या!”

“हो, तुझ्या उशीपेक्षा स्वच्छ!”

इंजिन गार झालं होतं. तिघांनी बॉनेट उघडलं आणि टॉर्च मारला. उजवीकडचा ठोकळा कोरा करकरीत होता. डावीकडचा खोल, अडचणीत होता. तोही काळाभोर चकाकत होता. ढब्बूने हात घालून चाचपला. बोट काळं झालं.

“रंग!” चिंगी कुजबुजली.

“आणि रंगाखाली वाळकं पान चिकटलंय,” प्रोफेसर म्हणाला. “नव्या रबरावर जुनं पान कुठून आलं?”

चिंगीने खिशातल्या फणीच्या टोकाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली भेग दिसली. फणीचं टोक आत शिरलं, अजून शिरलं, थेट पलीकडे निघालं. तिघंही काकांकडे धावली.

काकांनी कुरकुरत मिस्त्रींना बोलावलं. ते मिशीला पीळ देतच आले. “पोरंच ती! इंजिन तसूभर हलायचं नाही.”

“मग दोरा बांधू,” चिंगी म्हणाली. “एक टोक इंजिनाला, एक गाडीच्या अंगाला. बोटभर ढील ठेवू.”

“बांध! तुटला तर मिशी उतरवीन!”

आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा तिने बांधला. बाबा पायरीवर बसून नुसते पाहत होते. गाडीचं तोंड मोकळ्या मैदानाकडे केलं, चाकांपुढे दगड लावले, सगळे बाजूला झाले. काकांनी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, थोडा वेग देऊन क्लच सोडू लागले.

इंजिनाने एका अंगाने मान वर काढली. टप्प! दोरा तुटला आणि इंजिन गर्जू लागलं.

“काका, पाय उचला!”

“उचललाय! उचललाय गं!”

गाडी दगडावर चढली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. भीतीने त्यांना काही सुचेना.

“किल्ली फिरवा! काका, किल्ली!”

खट्ट. सगळं शांत झालं. काका खाली उतरले. ते सरळ बाबांपुढे जाऊन उभे राहिले. “दादा, देवाशपथ, पाय उचलला होता मी.”

“म्हणजे मी पण...” बाबा म्हणाले.

“तुम्ही पण उचलला होता,” चिंगी म्हणाली. “मी पाहिलं होतं, बाबा.”

मिस्त्रींची मान खाली गेली. “डावं काढायला इंजिन उचलावं लागतं. कंटाळा केला आणि रंग फासला. तुटक्या बाजूने इंजिन उठलं की वेगाची तार आपोआप ओढली जाते. पोरी, तू नसतीस तर...”

मग मात्र ते झटून कामाला लागले. इंजिनाखाली फळी ठेवून जॅकने ते उचललं. डावा ठोकळा त्यांच्या हातात दोन तुकडे होऊन आला! मागचाही चिरला होता. उजवा परवाचाच, पण तोही त्यांनी काढला.

“तो तर नवा आहे ना?” ढब्बूने विचारलं.

“फार कडक आहे. टिकतो, पण सगळी थरथर गाडीत सोडतो. फार मऊ घेतला तर इंजिन पुन्हा डुलणार. ह्या गाडीचे म्हणून बनवतात तेच घ्यायचे, आणि तिन्ही एकदम. एक बैल तरणा न् एक म्हातारा जुंपला तर म्हातारा आधी बसतो.”

“आणि मिशी?”

“उद्या सकाळी!” मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिन्ही नवे ठोकळे बसल्यावर काकांनी किल्ली बाबांपुढे धरली. “तूच चालव, दादा. आणि चिंगे, नाक असंच खुपसत जा!”

बाबांनी किल्ली घेतली. मग त्यांनी पुढचं दार उघडलं. “चिंगे, पुढे बस. माझ्या पायावर लक्ष ठेव.”

फाटकाबाहेर चढ लागला. तीच भिंत समोर आली. चिंगीने श्वास रोखला.

“पाय कुठे आहे?” बाबांनी विचारलं.

“हवेत!”

गाडी शहाण्यासारखी हळू झाली. बाबांनी खणातली पिन काढून चिंगीच्या केसांत खोचली आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली.