होडीतलं ओझं

शिवप्रसाद हिंगोलीत हळदीच्या एका गोदामाचा मॅनेजर होता. हंगामात त्याचा फोन जेवताना वाजायचा, देवापुढं हात जोडले तरी वाजायचा. कुठं ट्रक अडकला, कुठं माल भिजला, कधी हमालच आले नाहीत. सगळं त्याच्याच डोक्यावर. म्हणून त्यानं एक जुनी लहान होडी घेतली, तिला ताडपत्रीचं शीड शिवून घेतलं आणि सिद्धेश्वर धरणाच्या काठाला ठेवली. रविवार आला की फोन गाडीतच टाकायचा आणि पाण्यावर जायचं. शीड वाऱ्यानं फुगलं की त्याला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटायचं.

गोदामात त्याच्या हाताखाली विकास नावाचा कारकून होता. बोलणं कमी, काम चोख. तो अधूनमधून दबकत म्हणायचा, "साहेब, मला बी न्या की एकदा. माज्या आजीचं गाव त्या धरणात गेलं. निस्तं वरून पाहीन म्हणतो."

"नेऊ की, पुढच्या रविवारी."

पण होडीत शिवप्रसादला ऑफिसातलं माणूस नको असायचं. पाण्यावर तरी गोदामाची आठवण नको. असे कितीतरी रविवार गेले. पोळ्याच्या सुमारास विकास तापानं फणफणला आणि आठवडाभरात संपला.

त्यानंतर शिवप्रसादचं पाण्याकडं जायला मनच होईना. दिवाळी उलटल्यावर एकदा कामाचा फारच ताप झाला, तेव्हा तो दुपार कलताना काठावर आला. शेळ्या राखणारा थावरा तिथं बसला होता.

"वारा न्हाई, साहेब. काहून जाऊन राहिले?"

"बसवत नाही रे घरात."

थावरानं नेहमीसारखा होडीला हात लावला, ढकलली आणि थबकला. "जड लागून राहिली आज," एवढंच बोलला.

शिवप्रसाद वल्हवत आत गेला. होडीचं पुढचं टोक खाली दबलं होतं, पुढं कुणी बसावं तसं. तो मागं सरकला, तरी ते उचलेना. सूर्य टेकला, पाणी तांबूस झालं, मग करडं. वारा इतका पडला होता, की शीड काठीला ओल्या फडक्यासारखं लटकत होतं.

आणि तरीही होडी चालली होती.

त्यानं वल्ही वर घेतली. होडी हळूहळू धरणाच्या वरच्या अंगाला निघाली, जिथं तो कधी गेला नव्हता. पाण्याचा वास बदलला. चुलीच्या धुराचा, शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास येऊ लागला. खालून, खूप खोलातून, जात्याची घरघर ऐकू आली. कुणीतरी बाई कुणाला तरी जेवायला हाक मारत होती...

होडी थांबली.

"साहेब..." अगदी हळू आवाज, कानाशी नव्हे, समोरून. "हितंच."

 शिवप्रसादला खूप बोलायचं होतं. आधी आणायला पाहिजे होतं रे तुला. जागा होती होडीत, कायम होती. पण जीभ हलेना. पुढचं टोक अलगद वर आलं. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

"विकास..." शेवटी तो म्हणाला. तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

त्यानं डोळे पुसले आणि वल्ही पाण्यात घातली. तेवढ्यात होडी डावीकडं कलली. सावरली. मग उजवीकडं कलली. मग मागून, त्याच्या पाठीशी. प्रत्येक हिसक्यासरशी ती आणखी खाली बसत होती. पाणी होडीच्या काठाला भिडलं. जात्याची घरघर थांबली होती. खाली सगळं सामसूम झालं होतं.

तो कसा वल्हवत आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. नेहमीच्या जागेच्या बऱ्याच अलीकडं होडीचा तळ गाळात रुतला. तो गुडघाभर पाण्यात उतरून मागं बघत उभा राहिला. रिकामी होडी हलत होती. एकदा हलायची, थोडी वर यायची. पुन्हा हलायची, पुन्हा वर यायची.

काठावर थावराच्या शेळ्या बसलेल्या होत्या. त्या उठल्या आणि दोन्ही बाजूंना सरकल्या. मधून वाट झाली. वाट पार वर रस्त्यापर्यंत गेली.

"कोण कोण आलं हो तुमच्यासंगं?" थावरानं दबक्या आवाजात विचारलं.

शिवप्रसाद वर रस्त्याकडं बघत होता. रस्त्याच्या कडेला त्याची गाडी उभी होती. दारं बंद होती, किल्ली त्याच्या खिशात होती. गाडी मागच्या चाकांवर हळूच दबली. पुन्हा दबली. मग आतून काचांवर वाफ धरू लागली, माणसं दाटीनं बसली की धरते तशी.

फक्त त्याच्या शेजारच्या, दौऱ्यावर विकास बसायचा त्या सीटची काच कोरडी राहिली.