मोठं भांडं का तापलं?

बाबाचं लहान भांडं शहाण्यासारखं वागायचं आणि मोठं भांडं मात्र डोकं फिरल्यासारखं तापायचं. आतले पदार्थ तेच, धातू तोच. मग असं का व्हावं?

मंगळावरच्या अरुणवस्तीत राहणाऱ्या केतकीला या कोड्याचा घोर लागला होता, कारण तिची आई अजून पृथ्वीवर होती. पाणी पुरेल तेवढीच माणसं ठेवायची, असा वस्तीचा नियम होता. पुढच्या यानाने आई यायची तर आधी पाणी वाढायला हवं होतं.

केतकीचा बाबा, हृषीकेश, वस्तीतल्या नळांची देखभाल करायचा. उरलेल्या वेळात तो पृथ्वीवरच्या एका विद्यापीठातून अभिक्रियापात्रांच्या (ज्यांत रासायनिक बदल घडवतात त्या भांड्यांच्या) रचनेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होता. त्याचा प्रकल्प पाण्याचाच होता. माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि यानाने आणलेला हायड्रोजन भांड्यात सोडायचा. आत उत्प्रेरक (बदलाचा वेग वाढवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) असायचा. त्यातून मिथेन वायू, पाण्याची वाफ आणि भरपूर उष्णता निघायची.

मोठ्या भांड्याची तिसरी चाचणीही फसली. तापमान भराभर चढलं आणि सुरक्षायंत्रणेने वायू बंद केले. पृथ्वीवरून त्याच्या मार्गदर्शक फाटकबाईंनी निरोपात एवढंच विचारलं होतं, की भांडं मोठं केल्यावर काय वाढलं आणि काय मागे राहिलं? त्या दिवशी बाबा जेवायला आला नाही.

केतकी खिचडी घेऊन कार्यशाळेत गेली. डब्यातली खिचडी कढत होती, म्हणून तिने ती ताटात पसरली.

बाबा ताटाकडे बघत राहिला. "पसरलीस कशाला?" त्याने विचारलं.

"लवकर निवेल म्हणून. डब्यात मधल्या घासाला वारा कुठून लागणार?"

बाबा हसला. त्याने तिच्या खेळातले आठ सारखे ठोकळे मागून घेतले आणि एक ठोकळा तिच्या हातात दिला. त्याच्या सहाही बाजू उघड्या होत्या. मग आठही ठोकळे जोडून त्याने एक मोठा ठोकळा केला आणि तिला बाहेरच्या बाजू मोजायला सांगितल्या. चोवीस भरल्या.

"म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीनच आल्या," केतकी विचार करत म्हणाली.

"उष्णता सगळ्या ठोकळ्यांत तयार होते, पण बाहेर पडते फक्त उघड्या बाजूंनी. भांडं मोठं झालं, की उष्णता आठपट आणि तिला वाट मात्र चौपट. मला हे गणित येत होतं गं. भोवती थंड तेल जास्त फिरवलं की भागेल, असं वाटलं होतं."

मग त्याने पुढची गोष्ट समजावली. अडकलेल्या उष्णतेने तापमान वाढतं, त्यामुळे बदल आणखी वेगाने होतो आणि अजून उष्णता निघते. आगीत तेल ओतल्यासारखंच ते. शिवाय फार तापलं, तर पाणीही कमीच बनतं.

"मग भांडं मोठं करूच नकोस," केतकी म्हणाली. "बारीकच ठेव, पण पुष्कळ."

बाबाच्याही मनात तेच आलं होतं. त्याने बोटाएवढ्या जाडीच्या नळ्यांची जुडी बांधली, प्रत्येक नळीत उत्प्रेरक भरला आणि नळ्यांच्या मधून तेल खेळवलं.

चौथ्या चाचणीला तापमानाचा आकडा चढू लागला, तशी केतकीने बाबाची बाही घट्ट धरली. आकडा चढला, रेंगाळला आणि थांबला. थोड्याच वेळात वाफ निवून काचेच्या नळीतून पाणी ठिबकू लागलं. बाबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

यंत्र नीट चालतं आहे याची खात्री पटल्यावर वस्तीच्या समितीने नव्या माणसांना परवानगी दिली. फाटकबाईंनी आराखडा पसंत केला. आईचाही निरोप आला. तिला यानात जागा मिळाली होती आणि तिकडे फार थंडी असते का, असं ती विचारत होती.

केतकीने निरोप पुन्हा ऐकला. मग ती बाबाजवळ गेली.

"बाबा, नळ्यांची उष्णता घेऊन ते तेल जातं कुठे?"

"बाहेर. तिथे निवतं आणि परत येतं."

"मग ते आईच्या खोलीच्या भिंतीतून नेलं तर?"

बाबाने पेन्सिल उचलली आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली.