लिफ्टमधला नववा माणूस

दिवा जरा मंद करा रे, डोळ्यांवर येतोय. तर ही गोष्ट माझ्या मित्राची. लिफ्ट दुरुस्त करायचा, हातात कायम पाना, म्हणून आम्ही त्याला पानेवाला म्हणायचो. बायको गेल्यापासून रात्रीची कामं तो मागून घ्यायचा. घरी जाऊन बोलायचं कोणाशी, भिंतींशी?

नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार. रात्री अकराच्या सुमारास तो एका कंपनीत पोहोचला. ऑफिस सहाव्या मजल्यावर, आणि तिथे सगळा बारभाईंचा कारभार. हुकूम सोडणारे साहेब आठ, काम करणारा कारकून एक. लिफ्टही आठ माणसांचीच. रोज सकाळी नऊ जण चढायचे, जास्त वजनाची घंटी वाजायची आणि आठही साहेब कारकुनाकडे बघायचे. तो बिचारा मुकाट्याने उतरून जिना धरायचा.

"गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावर बसला तो," रखवालदार सांगत होता. "उठलाच नाही. वर साहेबांची मीटिंग चालू. विषय काय, तर याला रोज उशीर का होतो."

"मग आता आठच उरले की. लिफ्टला काय झालं?"

"तरी घंटी वाजते. त्यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं, नवा कारकून नेमायचा. घंटी वाजली की उतरायला कोणीतरी हवं ना."

पानेवाला पोट धरून हसला. रखवालदार झोपायला गेला.

सकाळपर्यंत लिफ्ट नीट झाली नाही तर कंत्राट गेलं, असं त्याला बजावलेलं होतं. मीटर जोडून तो तळमजल्यावर लिफ्टच्या दाराबाहेर उभा राहिला. लिफ्ट रिकामी, आणि मीटरवर बावन्न किलो. एखाद्या किडकिडीत माणसाचं वजन. त्याने सगळं पुसलं, वायरी बदलल्या, पुन्हा पाहिलं. बावन्न. शेवटी वैतागून तो म्हणाला, "उतरा हो आता, माझं काम खोळंबलंय."

आकडा शून्यावर आला.

आणि जिन्यात पाऊल वाजलं.

मग दुसरं. कोणीतरी चढत होतं... सावकाश... धापा टाकत.

पहिला मजला. दुसरा.

तिसऱ्यावर थांबलं. दम घेतला.

चौथा...

मग काहीच नाही.

काम झालं होतं. पिशवी उचलून निघता आलं असतं. पण त्या आठ जणांसारखंच आपणही त्याला उतरवलं, या विचाराने त्याला भरून आलं. कठडा धरून तो चौथ्या मजल्यावर गेला. तिथे कोणी नव्हतं. तो पायरीवर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वर जाऊ नका आता. तिथे कोणी नाही." त्याने पिशवी खांद्याला लावली. "माझ्याही घरी कोणी नाही. येता?"

तो उतरला. मागे बघायचा धीर झाला नाही.

आडोशाला लावलेली स्कूटर काढली तोच पाऊस भुरभुरायला लागला. बायको गेल्यापासून मागच्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. घरापर्यंत अर्धा तास तो भिजत आला. एकदाही थांबला नाही, वळून पाहिलं नाही. दारात उतरून त्याने दिवा लावला.

हँडल ओलं. आरसे ओले. पुढचा पत्रा, त्याचा शर्ट, डिकी... सगळं चिंब.

मागची सीट कोरडी होती.